सतरा नंबरची हजेरी

शाळेत सगळ्यांत मोठा अधिकार कुणाचा, असं विचारलं तर लोक मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बोट दाखवतात. त्यांना काय ठाऊक! एखादं मूल शाळेत आहे की नाही हे मुख्याध्यापक ठरवत नाहीत, आईबाप ठरवत नाहीत आणि ते मूल तर नाहीच नाही. ते ठरवतो शाळेचा कारकून. बत्तीस वर्षं मी हे ठरवत आलो. त्यात एकदा जाणूनबुजून चुकीचं ठरवलं, आणि आता निवृत्तीनंतर दिवाळी अंकासाठी चार ओळी लिहायला बसलोय, तर तेच सगळ्यांत आधी पुढे येतंय.

मी मूळचा धाराशिवकडचा. थोरला भाऊ पिंपरीत कंपनीत लागला, त्याच्या मागोमाग मी आलो आणि चिंचवडच्या पुढं एका अनुदानित मराठी शाळेत चिकटलो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. शाळेत मला सगळे भाऊसाहेब म्हणत. आमच्या भागात कारकुनाला तसंच म्हणतात. घरी बायकोही म्हणते, पण चिडली की.

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तितकं रटाळ नसतं. मूल शाळेत आलं की जनरल रजिस्टरला त्याची नोंद होते. तो नंबर जन्मभर त्याचाच. ते शाळा सोडून गेलं, म्हातारं झालं, मेलं, तरी दुसऱ्या कुणाला मिळत नाही. वर्गात मात्र दरवर्षी नवा हजेरीपट आणि नवा हजेरी क्रमांक. मूल शाळा सोडून गेलं की आम्ही दाखला लिहून देतो आणि हजेरीपटात त्याच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ मारतो. दाखला त्याच्या हातात, रेघ आमच्याकडे. या दोन गोष्टी एकाच दिवशी व्हायला हव्यात, हे मला माझ्या आधीच्या कारकुनानं पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

पूर्वी आमचे दाखले जायचे जिंतूरला, करमाळ्याला, फार तर ताथवड्याच्या इंग्रजी शाळेत. मग चाकणच्या कंपन्या आपली माणसं बायकामुलांसकट परदेशी पाठवायला लागल्या आणि माझ्या टेबलासमोर वेगळीच गिऱ्हाइकं उभी राहायला लागली. रावेतच्या एका बाईंना दाखल्यावरचा जातीचा रकाना नको होता. "तिकडं काय सांगू मी त्यांना?" म्हणाल्या. मी म्हणालो, "तिकडं कुणी विचारणार नाही ताई. पण परत आलात की इकडं नक्की विचारतील." बाईंनी रकाना राहू दिला. दुसऱ्या एका मुलाच्या दाखल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे 'वर्तणूक चांगली' असं लिहिलं होतं. तिकडच्या शाळेनं पत्र पाठवून विचारलं की चांगली म्हणजे नक्की किती चांगली, आणि हे कोणत्या चाचणीवरून ठरवलं. बत्तीस वर्षांत दुसरी काही वर्तणूक मी कुणाला लिहिलीच नव्हती. मी आठवडाभर त्या पत्राला उत्तर दिलं नाही.

पण मला सांगायचंय ते ईश्वरीबद्दल.

ईश्वरी चौथीत होती. बाप संतोष चाकणच्या कंपनीत, आई वर्षा घरी शिलाईकाम करायची. दोघं परभणीकडची, राहायला चिखलीत. पोरगी मुठीएवढी, पण आवाज असा की विचारू नका. घोगरा, मोठा आणि लांब ओढलेला. दुपारच्या सत्रात साडेबाराला चौथीची हजेरी सुरू झाली की सतरा नंबरचा "हजऽर बाई" मला चार खोल्या सोडून माझ्या टेबलावर ऐकू यायचा. खडू संपला की तिलाच पाठवायचे. दारातनंच ओरडायची, "भाऊसाहेब, खडू!" मी दचकायचो आणि ती हसायची. मला ती फार आवडायची, हे सरळच सांगून टाकतो.

सप्टेंबरात संतोषची तीन वर्षांसाठी जर्मनीला बदली झाली. आईबाप दाखला न्यायला आले तेव्हा ईश्वरी बरोबर होती. मी दाखल्यावर शिक्का मारत असताना तिनं विचारलं, "भाऊसाहेब, आता इथलं माझं नाव खोडणार?"

"खोडणार की. एक माणूस दोन शाळांत कसा असेल?"

"कधी?"

"आजच," मी म्हणालो.

मी नाव खोडलं नाही.

त्याचं कारण सांगतो. वर्गात नोंदलेल्या मुलांचा आकडा म्हणजे पट, आणि पटावर शिक्षकांच्या जागा ठरतात. सप्टेंबरअखेरचा पट धरतात. त्या वर्षी आमचा पट अगदी काठावर होता. एक नाव कमी झालं असतं तर एक शिक्षक जास्तीचा ठरून कुठं तरी लांब फेकला गेला असता, आणि तो शिक्षक म्हणजे चौथीच्याच मोरे बाई. सगळ्यांत नव्या, पदरात दोन वर्षांचं मूल, नवरा भोसरीत तीन शिफ्टमध्ये. एरवी मूल दुसऱ्या शाळेत गेलं की ती शाळा सरकारी पोर्टलवर मागणी टाकते आणि आम्हाला ते सोडावंच लागतं. परदेशातली शाळा पोर्टलवर नसते. तिकडून कधीच कुणी मागणार नव्हतं.

मी मोरे बाईंना बोलावून सांगितलं, "सतरा नंबर राहू द्या. पुकारू नका, नुसती हजेरीची रेघ ओढत जा. एप्रिलपर्यंतचा तर प्रश्न आहे."

बाई घाबरल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे खोटं नाही का?"

"ॲडजस्टमेंट आहे," मी म्हणालो. आमच्याकडे बऱ्याच शाळांत असंच म्हणतात. बाई मान खाली घालून गेल्या आणि रोज रेघ ओढायला लागल्या.

ऑक्टोबरात एक दिवस शेवंतामावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मावशी आमच्या शाळेतल्या शिपाई, तळवड्याच्या जुन्या घरातल्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. सकाळचं सत्र सव्वाअकराला सुटलं की दुपारच्या मुलांच्या आधी त्या खोल्या झाडून पुसून घेत.

"भाऊसाहेब, चौथीच्या खोलीत कोन बसतंय वो?"

"कोण बसणार? रिकामी असते की."

"मंग हजेरी कोन देतंय?"

मी हसलो. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज साडेअकराला. एकदाच. शनिवारी न्हाई. मी इतकी वरसं हितं हाय, आजवर कवा काय ऐकलं न्हाई. आन आवाज मला वळखू येतो, म्हनून तर तुमाला सांगाया आले."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. मनात होतं की बाहेर रस्त्यावर कुणी ओरडत असेल आणि म्हातारीचे कान वाजत असतील. ऊन स्वच्छ पडलं होतं. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. पंखे बंद, खिडक्या उघड्या. आम्ही दोघं फळ्यापाशी उभे राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले.

खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरून आवाज आला. "हजऽर बाई."

मोठा, घोगरा, लांब ओढलेला. रेडिओतून आल्यासारखा नाही, लांबूनही नाही. बाकावर बसलेल्या मुलीच्या तोंडून येतो तसा. ओल्या फरशीवर आमच्या दोघांच्या पावलांशिवाय एकही पाऊल नव्हतं.

मावशी हळूच म्हणाल्या, "ईश्वरीच हाय न्हवं? पर ती तर इमानात बसून गेली."

"गेली," मी म्हणालो.

"मंग तुमी तिला सोडली न्हाई वाटतं."

मावशींना पटाबिटाचं काहीही माहीत नव्हतं. मी त्यांच्यावर उगाच खेकसलो, खोल्या पुसायला किती वेळ लावता म्हणून. त्या बादली उचलून गेल्या. त्यानंतर साडेअकराला मी काही ना काही निमित्त काढून बँकेत किंवा चहाला जायला लागलो. शाळेतलं कुणी काही बोलत नव्हतं, कारण त्या वेळी शाळेत कुणी नसायचंच. दिवाळीच्या सुट्टीनं सगळं थांबेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सुट्टीनंतर साडेअकराचा आवाज खरंच बंद झाला. मावशींनीच सांगितलं. मी देवाला नमस्कार केला आणि कामाला लागलो. त्याच दुपारी पाऊण वाजता मोरे बाई हजेरीपट छातीशी धरून माझ्या खोलीत आल्या.

"भाऊसाहेब, मी सोळा म्हणाले. वेदांतनं हजर दिली. मग नेहमीसारखं अठरा म्हणणार, तर मध्येच..."

"काय?"

"सतरा मी पुकारला नव्हता हो. शपथेवर सांगते. तरी ती हजर म्हणाली."

"मुलं घाबरली?"

बाई खुर्चीत बसल्या. "तेच तर. एकही मूल घाबरलं नाही. वळूनसुद्धा पाहिलं नाही कुणी. आर्याला विचारलं, तिच्या शेजारी बसायची ती. तर म्हणाली, बाई, ती रोजच येते की, फक्त आता आपल्या वेळेला यायला लागली."

ईश्वरीच्या जागेवर दोन महिन्यांत कुणीच बसलं नव्हतं. आर्या अजून बाकाच्या अर्ध्याच भागात, अंग चोरून बसायची. हे आम्हा दोघांनाही दिसत होतं आणि आम्ही ते पाहिलं नव्हतं.

त्यानंतर रोज साडेबाराला सोळा आणि अठराच्या मध्ये ते यायचं. मी माझ्या टेबलावर बसून ऐकायचो. पूर्वी हाच आवाज ऐकून मला बरं वाटायचं. आता हातातलं काम थांबायचं. मोरे बाई रेघ ओढतच होत्या. रेघ न ओढावी तर हजर असलेल्या मुलीची गैरहजेरी लागली असती. कसल्या पेचात मी त्यांना अडकवलं होतं!

नोव्हेंबरअखेर ईश्वरीच्या आईचा, वर्षाचा, जर्मनीहून व्हॉट्सॲपवर फोन आला. ओळख देऊन म्हणाली, "भाऊसाहेब, एक दाखला पाहिजे होता."

"दाखला तर दिलाय ना ताई?"

"तो नाही. आमची ईश्वरी शाळेत बोलत होती, असा दाखला पाहिजे."

मला वाटलं चेष्टा करतेय. तेवढ्यात ती रडायला लागली.

"लेकरू बोलंना झालंय हो. इथं आल्यापासून एक शब्द नाही. सकाळी आठला वर्गात बाई नाव घेतात, तव्हा ही उभी राहते, तोंड हलवती. पण आवाजच निघत नाही. घरी बी तसंच. डॉक्टरनं गळा बघितला, कान बघितले, सगळं ठीक म्हणले. शाळावाले विचारायलेत, आधीपासून मुकी हाय का? नाताळाच्या सुट्टीपर्यंत बघणार, नाही तर न बोलणाऱ्या लेकरांच्या शाळेत टाकणार. हे म्हणायलेत की तिला परभणीला आजीकडं ठिवू. माझं लेकरू मला सोडून कसं राहील, सांगा तुम्ही."

मी विचारलं, "ताई, तुमच्याकडे आठ वाजतात तेव्हा आमच्याकडे किती वाजलेले असतात?"

"साडेबारा. आधी साडेअकरा व्हायचे, पण दिवाळीच्या दिवसांत इथं समद्यांनी घड्याळं तासभर मागं केली."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी सुट्टी असती इथं. का हो?"

मी काही तरी सांगून फोन ठेवला. समोरच्या कपाटात चौथीचा हजेरीपट होता. काढून पाहिला. सप्टेंबरपासून रोज सतरा नंबरच्या पुढं मोरे बाईंच्या हातची नेटकी निळी रेघ. हजर. हजर. हजर. पोरीनं मला विचारलं होतं, कधी खोडणार. मी तिला आजच म्हणालो होतो. ती तिकडं रोज उभी राहून तोंड हलवत होती आणि तिचा आवाज आम्ही इकडं बाकावर बसवून ठेवला होता, पट भरायला. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी वाटली नव्हती.

मोरे बाईंना सगळं सांगितलं. हेही सांगितलं की आता नाव खोडायचं तर खऱ्या तारखेनं खोडावं लागेल. खोट्या हजेऱ्या उघड्या पडतील, पट कमी होईल, तुमची जागा जाईल आणि माझी चौकशी लागेल. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. तिसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "नाव कापा भाऊसाहेब. घरी माझी पोरगी नुकती बोलायला लागलीय. मला तिच्याकडे बघवेना."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला लाल शाईचा पेन घेऊन मी चौथीत गेलो. मुलांनी उभं राहून नमस्ते केलं. मी हजेरीपट माझ्या हातात घेतला आणि बाईंना म्हणालो, "आज सतरा पुकारा. नीट पुकारा."

बाईंनी एकपासून सुरुवात केली. सोळाला वेदांत हजर म्हणाला. बाई मोठ्यानं म्हणाल्या, "सतरा."

"हजऽर बाई."

तिसऱ्या बाकावर, आर्याच्या शेजारी. मी दोन पावलं पुढं गेलो. रिकाम्या बाकाशी बोलताना वर्ग हसेल असं वाटलं होतं. एकही मूल हसलं नाही.

"ईश्वरी," मी म्हणालो, "बाळा, तुझा दाखला कधीच दिलाय. नाव खोडायचं राहिलं होतं, ती चूक माझी. आता खोडतो. तू तुझ्या शाळेत जा."

आणि तिच्या नावावर लाल रेघ मारली. रेघ सरळ आली नाही. शेऱ्यात लिहिलं, 'परदेशी स्थलांतर, दाखला दिला', आणि सप्टेंबरातली खरी तारीख टाकली. मग आर्या सरकून बाकाच्या मधोमध बसली. बाई म्हणाल्या, "अठरा."

संध्याकाळी पाच वाजता वर्षाचा फोन आला. हसत होती की रडत होती कळत नव्हतं. "बोलली हो भाऊसाहेब! आज सकाळी वर्गात बोलली. बाईंनी नाव घेतल्याबरोबर मोठ्यानं 'हो' म्हणाली तिथल्या भाषेत. समदा वर्ग दचकला म्हणं." मी फोन ठेवला, खोलीचं दार लावलं आणि पोटभर रडलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. माझी चौकशी झाली, मेमो मिळाला, पेन्शनचे कागद वर्षभर रखडले. मोरे बाई जास्तीच्या ठरल्या आणि जूनपासून त्यांना आंबेगावच्या पलीकडची शाळा मिळाली. पोरीला भोसरीत सासूपाशी ठेवून त्या तिथं राहिल्या. याचं मला आजही वाईट वाटतं. पण तरीही रात्री झोप लागायची, कारण पोरगी बोलत होती.

मोरे बाई जायच्या आधीच्या एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली होती. माझे नोकरीचे शेवटचे काही आठवडे उरले होते. वर्षा सुट्टीसाठी दोन आठवडे आली होती, आणि ईश्वरीला घेऊन शाळेत आली. पोरगी उंच झाली होती. मला पाहून तोंडभर हसली. मी मुद्दाम म्हणालो, "काय गं, खडू नको का?"

तिचे ओठ हलले. स्वच्छ हलले, मला वाचता आले. भाऊसाहेब, खडू. पण आवाज आला नाही.

वर्षा खालच्या आवाजात म्हणाली, "मराठी समदं कळतंय तिला. तिकडचं तर भाडभाड बोलती. पण मराठी बोलाया गेली की हे असं. आमच्याशी बी तिकडच्याच भाषेत बोलती, आम्ही शिकायलोत आता. बोलती तर खरी, तेवढंच लई झालं."

तिला तिचा वर्ग पाहायचा होता. मी घेऊन गेलो. मोरे बाईंची हजेरी चालली होती. आम्ही दारात थांबलो. बाईंचं लक्ष नव्हतं. "पंधरा... सोळा..." आणि सवयीनं अठरावर जाण्याआधी त्या क्षणभर थांबल्या. माझ्या शेजारी ईश्वरी ताठ उभी राहिली. मान वर केली. तिचे ओठ हलले. हजऽर बाई. लांब ओढून. वर्गात काही ऐकू आलं नाही.

आर्या ताडकन उठली. "बाई, ती हजर म्हणाली!"

बाईंनी वळून पाहिलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या हातात निळा पेन होता आणि समोर ती लाल रेघ. बाई मला विचारत होत्या. त्यांची जागा तर गेलीच होती. एक रेघ ओढायला त्यांना आता कशाची भीती नव्हती. ईश्वरीही माझ्याकडेच बघत होती. त्या पोरीला सगळं माहीत होतं. मी आयुष्यभर मुलं आहेत की नाहीत हे ठरवलं, पण इतकं जड कधी गेलं नाही.

रविवारी तिचं विमान होतं, आणि रेघ ओढली तर आवाज पुन्हा इथंच राहणार होता.

मी मान हलवली. नाही.

बाईंनी पेन खाली ठेवला. ईश्वरीनं थोडा वेळ त्या तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून तिच्या शाळेच्या भाषेत काही तरी म्हणाली, दोन-तीन शब्दच, पण अख्खी चौथी दचकली. मी वर्षाला अर्थ विचारला नाही. शब्द मला एकही कळला नाही, पण आवाज तोच होता, मोठा, घोगरा आणि लांब ओढलेला.